आवाजाची तक्रार: कुठे करायची, कोण ऐकतं आणि आपल्यावर आली तर काय करायचं?

आवाजाचा विषय निघाला की आपल्या समाजात चर्चा थेट मशिदीच्या भोंग्यावर जाते. त्यातून दोन टोकं तयार होतात. कुणी म्हणतं, सगळं आपल्यालाच त्रास द्यायला चाललंय. कुणी म्हणतं, आपल्याला काय करायचंय, ट्रस्टी बघतील. या गडबडीत रोजच्या जगण्यातला मोठा प्रश्न बाजूला पडतो. मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये रात्री साडेअकराला वाजणारा डीजे, वस्तीत पहाटेपर्यंत चालणारं वेल्डिंग, घराशेजारच्या बांधकामावरचं ब्रेकर, जुलूसमधली साऊंड सिस्टीम यांचा त्रास आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना आणि दहावी-बारावीच्या मुलांनाही होतो. तक्रार करायची म्हटली तर कुठे जायचं हे माहीत नसतं. आणि आपल्यावर तक्रार आली तर काय बोलायचं हेही माहीत नसतं.

म्हणून दोन्ही बाजूंनी उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र देत आहोत. कात्रण किंवा लिंक जपून ठेवावी, मशिदीच्या दफ्तरातही एक प्रत असावी.

कायदा नेमका कोणता?

संपूर्ण देशाला लागू असलेला मुख्य नियम म्हणजे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने ते १४ फेब्रुवारी २००० रोजी काढले. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. या नियमांत मशीद, मंदिर, चर्च, लग्नाचा हॉल असा भेद नाही. लाऊडस्पीकर कुणाचाही असो, नियम तोच.

नियमांत दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. आवाजाची मर्यादा भागानुसार ठरते:

- औद्योगिक भाग: दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
- व्यापारी भाग: दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल
- निवासी भाग: दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
- शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल

हे आकडे कळायला एक साधा अंदाज सांगतो. दोन माणसं समोरासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोलतात तेव्हा साधारण ६० डेसिबल होतात. डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो जवळपास दुप्पट वाटतो. त्यामुळे "पाच-दहाच तर जास्त आहे" हे म्हणणं कायद्यातही टिकत नाही आणि विज्ञानातही.

लाऊडस्पीकरसाठी वेगळी तरतूद आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. खासगी जागेतल्या साऊंड सिस्टीमला हीच सूट फक्त ५ डेसिबलची आहे. मात्र पोलिसांच्या परवान्यावर बऱ्याचदा ५५ आणि ४५ हेच आकडे अट म्हणून लिहिलेले असतात. आमचा सल्ला असा की परवान्याच्या कागदावर जो आकडा छापला आहे तोच पाळावा. वाद झाला तर पहिला तो कागद पाहिला जातो.

रात्री १० ते सकाळी ६: सर्वात महत्त्वाची अट

या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. सभागृह, कॉन्फरन्स रूम, कम्युनिटी हॉल अशा बंद जागेत, आतल्या लोकांपुरता वापर चालतो. सार्वजनिक आपत्तीत सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ही रात्रीची बंदी ठामपणे अधोरेखित केली.

सणासुदीसाठी राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सूट देता येते. त्या दिवसांची यादी जिल्ह्यात जाहीर होते. पण ही सूट रात्री १० ते १२ एवढीच असते. पहाटेसाठी ती नाही, हे पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं.

आता याचा आपल्या रोजच्या व्यवहाराशी संबंध पाहू. मुंबईत फजरची वेळ जूनमध्ये पावणेपाचच्या आसपास सुरू होते आणि जानेवारीत सहाच्या जरा आधी. नागपूरकडे ती साधारण पंचवीस मिनिटं आणखी लवकर. म्हणजे वेळ लागताच अजान द्यायची तर ती वर्षभर सहाच्या आतच येते आणि बाहेरच्या भोंग्यावर देता येत नाही. थंडीत मात्र सूर्योदय उशिरा असल्याने अजान सहानंतर देऊन जमात वेळेत उभी करता येते. काही मशिदींनी तसं वेळापत्रक केलं आहे. बाकीच्या महिन्यांत फजरची अजान भोंग्याविना किंवा फक्त आतल्या स्पीकरवर द्यावी लागते. मुंबईत मे २०२२ मध्ये दक्षिण मुंबईतल्या उलेमा आणि ट्रस्टींनी बैठक घेऊन असाच निर्णय केला होता. माहीमच्या जुमा मशिदीने २०२५ मध्ये मोबाइल ॲपवरून अजान घरोघरी पोहोचवण्याचा मार्ग घेतला.

सहरीला उठवण्यासाठी केले जाणारे पुकारे, शबे बरात आणि शबे कद्रचे रात्री उशिरापर्यंतचे बयान, उरूसातली कव्वाली हे सगळं याच अटीत येतं. तरावीह दहाच्या पुढे गेली तर आवाज मशिदीच्या भिंतींच्या आत राहिला पाहिजे. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत येतोय. शिक्षक म्हणून एवढंच सांगतो की आतला स्पीकर पुरत असेल तर बाहेरचा बंद ठेवण्यात आपल्याच मुलांचा फायदा आहे.

न्यायालयांनी काय सांगितलं?

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात स्पष्ट केलं की दुसऱ्याची शांतता भंग करून ध्वनिवर्धकावर प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये म्हटलं की अजान हा इस्लामचा आवश्यक भाग आहे, पण ती लाऊडस्पीकरवरून देणं हा आवश्यक भाग नाही. म्हणजे अजान देण्याचा हक्क शाबूत आहे. प्रश्न यंत्राचा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल महाराष्ट्रातल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवेत. पहिला ऑगस्ट २०१६ चा, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरचा. त्यात तक्रारीसाठी फोन, ईमेल, मेसेज अशा सोयी करा, पोलिसांना ध्वनिमापक द्या आणि तक्रारदाराचं नाव उघड करू नका असे आदेश झाले. दुसरा २३ जानेवारी २०२५ चा. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवासी संघटनांनी तिथल्या मशिदी-मदरशांच्या लाऊडस्पीकरविरुद्ध ही याचिका केली होती. निकालात न्यायालयाने कारवाईच्या पायऱ्या सांगितल्या: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा लाऊडस्पीकर जप्त आणि त्यानंतर परवाना रद्द करण्याची कार्यवाही. लाऊडस्पीकरमध्येच आवाजाची मर्यादा बसवण्याची यंत्रणा करण्याचा विचार सरकारने करावा असंही सुचवलं. हा आदेश सर्व धर्मांच्या स्थळांना सारखाच लागू आहे.

आवाजाविरुद्धच्या लढ्यात आपली माणसंही पुढे राहिली आहेत, हेही नोंदवायला हवं. मुंबईत आवाज फाउंडेशन स्थापन करणाऱ्या सुमायरा अब्दुलअली यांनी गणेशोत्सव, दिवाळी, ईद-ए-मिलाद अशा सगळ्याच सणांतला आवाज मोजून जाहीर केला आहे. शांतता मागणं हे कोणत्याही समाजाविरुद्ध नसतं.

तक्रार कुणाकडे: पालिका की पोलीस?

आपल्याकडे सवय अशी की काहीही झालं की नगरसेवकाकडे जायचं. आवाजाच्या बाबतीत निम्मी कामं पालिकेच्या हातात नसतात, म्हणून आधी जबाबदारी कोणाची ते पाहावं.

*लाऊडस्पीकर, डीजे, बँड, जुलूस, मिरवणूक, फटाके:* पोलीस. नियमांतील 'प्राधिकारी' म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नेमलेला पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी. लाऊडस्पीकरचा लेखी परवाना पोलिसांकडूनच घ्यायचा.

*मंडप, बांधकाम, लग्नाचे हॉल, वस्तीतले कारखाने:* महापालिका किंवा नगरपरिषद. मंडपाची आणि बांधकामाची परवानगी, हॉलचा आणि कारखान्याचा परवाना तिथून मिळतो, त्यामुळे अटी मोडल्या तर तो रोखण्याचा अधिकारही तिथेच. रात्री चालणाऱ्या बांधकामाची तक्रार पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि पोलिसांना, दोन्हीकडे द्यावी. आवाज करणारी बांधकाम यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री चालवायला नियमांतच मनाई आहे.

*मोठे उद्योग आणि जनरेटर:* महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय.

*कर्कश हॉर्न आणि फटफटणारे सायलेन्सर:* वाहतूक पोलीस. निवासी भागात रात्री विनाकारण हॉर्न वाजवायलाही बंदी आहे.

शांतता क्षेत्राबाबत एक गैरसमज दूर करू. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र घोषित करता येतं. पण ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं घोषित केलेलं असावं लागतं. शाळेजवळ आहे म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र झालं असं धरून चालू नये. आपली शाळा त्या यादीत आहे का, हे पालिकेला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारावं.

तक्रार कशी करायची?

नियम ७ प्रमाणे आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असेल, अथवा रात्रीची बंदी मोडली जात असेल, तर कोणीही तक्रार करू शकतो. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालू असेल तर किती डेसिबल आहे हे सांगण्याची गरजच नाही. वेळ मोडली एवढं पुरे.

१. आवाज चालू असतानाच ११२ वर फोन करावा. ठिकाण, जवळची खूण, कसला आवाज आणि कधीपासून, एवढं शांतपणे सांगावं. नाव द्यायची सक्ती नाही. "माझं नाव सांगू नका" असं स्पष्ट म्हणावं.

२. तक्रारीचा क्रमांक आणि फोनची वेळ वहीत टिपावी. पोलीस आले की नाही, आल्यावर काय केलं, निघून गेल्यावर पुन्हा सुरू झालं का, हेही लिहावं.

३. घराच्या खिडकीतून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढावा, घड्याळ दिसेल असा. मोबाइल ॲपवरचं डेसिबल मीटर पुरावा म्हणून टिकेलच असं नाही, पण नोंद म्हणून उपयोगी पडतं. खरी मोजणी पोलिसांच्या किंवा प्रदूषण मंडळाच्या तपासलेल्या यंत्रानेच होते.

४. त्रास रोजचा असेल तर लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यावी. एकट्याने देण्यापेक्षा इमारतीतल्या पाच-सात घरांनी मिळून दिलेला बरा. शेजारी हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती असतील तर त्यांच्याही सह्या घ्याव्यात, म्हणजे विषयाला दुसरा रंग चढत नाही.

अर्ज साधाच असावा. नमुना असा:

"प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे. विषय: ______ येथील ध्वनिप्रदूषणाबाबत. महोदय, आम्ही वरील ठिकाणचे रहिवासी आहोत. दि. ____, ____ आणि ____ रोजी रात्री १० नंतर ____ वाजेपर्यंत ______ येथे लाऊडस्पीकर चालू होता. ११२ वर दि. ____ रोजी तक्रार केली, तिचा क्रमांक ____ आहे. आमच्या इमारतीत परीक्षेला बसणारी मुलं आणि आजारी व्यक्ती आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील नियम ५ आणि ७ नुसार कारवाई करावी व केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी. आमची नावे गोपनीय ठेवावीत, ही विनंती."

५. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर तोच अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे द्यावा. शहरात सहायक पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी. सोबत प्रत पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांना. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

६. त्यानंतर माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क भरून विचारावं: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, त्या ठिकाणी परवाना होता का, त्याची प्रत, आणि त्या दिवशी मोजणी केली असल्यास तिची नोंद. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. आमचा अनुभव असा आहे की दोनदा तोंडी सांगून न हललेली फाईल माहिती अधिकाराचा अर्ज पडला की टेबलावर येते.

शिक्षा काय होते?

पर्यावरण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास कायद्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून त्याजागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आला. तो नेमलेला अधिकारी ठरवतो. दंड भरलाच नाही तर मात्र कैदेची तरतूद आहे. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली पोलीस आवाज बंद करायला लावू शकतात आणि गुन्हाही नोंदवू शकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९२ सार्वजनिक उपद्रवाचं आहे, त्यात एक हजारापर्यंत दंड. मनाई केल्यावरही उपद्रव चालू ठेवला तर कलम २९३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दंडाची रक्कम लहान वाटते, पण गुन्हा नोंदला की त्याची सावली लांब पडते. जुलूसमध्ये डीजे लावणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांना हे कोणी सांगत नाही. पुढे पासपोर्ट, सरकारी भरती, मोठ्या कंपनीतली नोकरी, सगळीकडे पोलीस पडताळणी असते आणि तिथे हा कागद समोर येतो. वर्गणी गोळा करताना जे मोठे पुढे असतात त्यांनीच हे आधी समजावून सांगायला हवं.

नोटीस मशिदीला किंवा संस्थेला आली तर

घाबरायचं नाही आणि गर्दीही जमवायची नाही. ट्रस्टींनी पुढील कामं करावीत.

- परवाना हातात ठेवावा. त्याची मुदत ठरावीक असते, संपण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. वक्फ मंडळाची किंवा ट्रस्टची नोंदणी, जागेची कागदपत्रं, जबाबदार व्यक्तीचं नाव यांची एक फाईल तयार असावी.
- अर्ज दिला आणि उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजू नये. स्मरणपत्र द्यावं. नाकारलं तर कारण लेखी मागावं.
- नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावं. मोजणी झाली असेल तर कधी, कुठे उभं राहून, किती डेसिबल आणि कोणत्या यंत्राने, याची प्रत मागावी. रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज त्यात धरला गेला का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.
- साहित्य जप्त केलं तर पंचनाम्याची प्रत घ्यावी.
- भोंगा उतरवण्याचा, बंद करण्याचा किंवा मशिदीत शिरून मोजणी करण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाच्या किंवा संघटनेच्या कार्यकर्त्याला नाही. कोणी आलंच तर वाद न घालता ११२ ला कळवावं, व्हिडिओ करावा आणि लेखी तक्रार द्यावी.
- कारवाई फक्त एकाच समाजाच्या स्थळांवर होतेय असं वाटत असेल तर भाषणांपेक्षा कागद बोलतो. परिसरात किती परवाने दिले, किती तक्रारी आल्या, किती ठिकाणी मोजणी झाली, हे माहिती अधिकारात मागावं. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली दाद मागताना हेच कागद लागतात. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. महिला, कामगार आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर पुष्कळ तक्रारी टाळता येण्यासारख्या असतात. मिनारावरचे चार दिशांचे मोठे हॉर्न उतरवून कमी ताकदीचे बॉक्स स्पीकर लावावेत, त्यांचं तोंड समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे नसावं आणि अँप्लिफायरवर आवाजाची खूण पक्की करून ती फक्त एकाच माणसाने हाताळावी. अजान साधारण तीन-चार मिनिटांची असते. तक्रारी बहुधा तिच्यापेक्षा त्यानंतरच्या लांब बयानांच्या, नातिया कार्यक्रमांच्या आणि हरवलेल्या वस्तूंच्या घोषणांच्या असतात. भोंगा अजानपुरता ठेवला तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

घरातल्या कार्यक्रमाला

लग्न, अकिका, हळदीला साऊंड लावायचा असेल तर पोलीस ठाण्याकडून लेखी परवानगी घ्यावी. हॉलवाल्याने "आमच्याकडे परवाना आहे" असं सांगितलं तरी तो पाहावा. दहा वाजता बंद म्हणजे बंद, हे साऊंडवाल्याला पैसे ठरवतानाच सांगावं. कारवाई झाली तर सिस्टीम त्याची जाते आणि नाव तुमचं लागतं.

तक्रार करणारा शेजारी आपला शत्रू नसतो. त्याच्या घरातही कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल. पोलिसांकडे जाण्याआधी एकदा दार वाजवून बोलणं, आणि आपल्याकडे कुणी दार वाजवलं तर आवाज तिथल्या तिथे कमी करणं, याला ना अर्ज लागतो ना शिक्का. एवढ्याने काम झालं नाही तर वर दिलेला रस्ता आहेच, आणि तो सगळ्यांसाठी सारखा खुला आहे.